हाडानं धरलेला दात

दात गेलेला माणूस इम्प्लांटची चौकशी करायला जातो तेव्हा दोन प्रश्न त्याच्या ओठांवर असतात. दुखेल का? आणि किती दिवसांत होईल? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना दिलासा देणारं आहे. दाढ काढताना जेवढा त्रास होतो, त्याहून यात सहसा कमीच होतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र डॉक्टरला एकट्यानं देता येत नाही. ते जबड्याचं हाड ठरवतं, आणि हाडाला घाई करता येत नाही.

शहरातल्या चौकाचौकांत 'तीन दिवसांत फिक्स दात' असे फलक लागलेले दिसतात. त्यातलं सगळंच खोटं नसतं. काही जबड्यांत, काही पद्धतींनी, लगेच दात देता येतात. पण अशा फलकांमुळे एक समज पसरतो, की इम्प्लांट ही विकत घेऊन बसवून घ्यायची वस्तू आहे. प्रत्यक्षात दवाखान्यात बसवला जातो तो नुसता स्क्रू. त्याला दाताचं मूळ करतं ते रुग्णाचं स्वतःचं हाड, आणि त्याला आठवडे लागतात, महिने लागतात. ही वाट पाहणं म्हणजेच खरं तर उपचार. ते नीट समजून घेतलं, तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप सोप्या होतात.

गंमत म्हणजे हे ज्याच्या लक्षात आलं, तो माणूस दंतवैद्य नव्हता. स्वीडनमधल्या लुंड इथं 1952 साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक हाडातल्या मगजात रक्त कसं वाहतं याचा अभ्यास करत होता. सशाच्या पायाच्या हाडात त्यानं टायटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं जिवंत हाडातलं रक्ताभिसरण पाहता येई. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढून पुन्हा वापरायची, तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. दुसऱ्या कुणी वैतागून ती बाजूला टाकली असती. ब्रोनेमार्कनं मूळ प्रश्नच बदलला. पुढं त्यानं विद्यार्थी स्वयंसेवकांच्या दंडात टायटॅनियमच्या कुप्या बसवून पाहिल्या. शरीरानं त्याही निमूट स्वीकारल्या.

1965 मध्ये गॉथेनबर्गला योस्टा लार्सन त्याच्याकडे आला. वय चौतीसच्या आसपास. जन्मतः टाळू दुभंगलेली, जबड्याची ठेवण बिघडलेली, खालच्या जबड्यात दात नाहीत. खाणं अवघड, बोलणं अवघड. त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले, हाडाला ते धरू दिले आणि मग त्यांच्यावर दात चढवले. लार्सन 2006 मध्ये वारला. तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते दात त्याच्या तोंडात काम करत होते. इम्प्लांट किती वर्षं टिकतो, असं विचारणाऱ्याला याहून चांगला दाखला सापडणार नाही. मात्र प्रत्येकाचा तेवढा टिकेल, असा त्याचा अर्थ नाही.

वैद्यकविश्वाला मात्र हे पटायला फार वेळ लागला. त्याचं कारणही समजण्याजोगं होतं. तोपर्यंत जबड्यात धातू घालण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले होते. सोनं झालं, प्लॅटिनम-इरिडियमची जाळी झाली, कोबाल्ट-क्रोमियमचे स्क्रू झाले. बहुतेक वेळा धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ ऊतीचा एक थर तयार होई, दात हलू लागे आणि एक दिवस हातात येई. हाड आणि धातू यांच्यात असा थर न येता थेट सांधा जुळू शकतो, हे मानायला कुणी तयार नव्हतं. 1982 मध्ये कॅनडात टोरांटोला झालेल्या परिषदेत ब्रोनेमार्कच्या चमूनं वर्षानुवर्षांच्या रुग्णांचे पुरावे मांडले. तिथून वारं फिरलं.

मुळात जबड्यात दात बसवण्याची माणसाची ही हौस फार जुनी आहे. होंडुरासमध्ये 1931 साली उत्खननात एक जबडा मिळाला, सुमारे इसवी सन 600 च्या काळातला. त्याच्या समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासलेले तुकडे बसवलेले होते. 1970 मध्ये त्याचा एक्स-रे काढला तेव्हा त्यांतल्या दोन तुकड्यांभोवती हाड वाढल्याचं दिसलं. म्हणजे ते मेल्यावर बसवलेले नव्हते. ज्याच्या तोंडात बसवले, तो माणूस नंतर काही काळ जगला, त्या दातांसकट.

टायटॅनियमच का, याचं उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. हवा लागताच या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती धातूशी नव्हे, या थराशी. त्याचा त्यांना उपद्रव होत नाही, म्हणून त्या त्याच्या अगदी अंगाला लागून नवं हाड घालत जातात. या धातूचं एक खनिज आपल्या फार जवळचं आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू चमकते, तिच्यात इल्मेनाइट असतं, आणि इल्मेनाइटपासून टायटॅनियम मिळतं.

आता प्रत्यक्ष दवाखान्यात काय काय होतं ते.

पहिली भेट बोलण्यात आणि फोटोंत जाते. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे आणि बहुतेक वेळा सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचं टोक आणि ती नस यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. हाडाची उंची किती, रुंदी किती, हे न मोजता स्क्रू घालणं म्हणजे अंदाजपंचे काम. मागच्या दाढांच्या जागी स्कॅनशिवाय काम करायला निघालेल्या डॉक्टरला रुग्णानं नम्रपणे पण स्पष्टपणे कारण विचारावं.

याच भेटीत डॉक्टर आजारांची यादी घेतात. रुग्णाला ती औपचारिकता वाटते, पण निकाल बराचसा इथंच ठरतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, पाहिली जाते. ती आटोक्यात असेल तर मधुमेही माणसालाही इम्प्लांट चालतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, ज्या डॉक्टरनं दिल्या त्यालाच विचारायचं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या कितीतरी बायकांना ते दातांच्या डॉक्टरला सांगायचं असतं हे ठाऊकच नसतं. त्या औषधांवर असताना जबड्याला जखम केली तर क्वचित ती भरतच नाही, हाडाचा भाग मरतो. म्हणून हे सांगितलंच पाहिजे, गोळी असो वा इंजेक्शन, आत्ताचं असो वा दोन वर्षांपूर्वीचं.

आणि तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं. आपल्याकडे या प्रश्नाला एक पोटप्रश्न आहे. डॉक्टर विचारतात, तंबाखू खाता का? बाई म्हणतात, नाही. त्यात खोटं काही नसतं, कारण त्या खात नाहीत. पण रोज सकाळी मशेरी लावतात. भाजलेली तंबाखूच ती, पण घरात तिला दात घासण्याची पूड मानतात. हिरडीला तिचा स्पर्श वर्षानुवर्षं होत आलेला असतो. दात जाण्यात तिचा हात असू शकतो आणि इम्प्लांट जाण्यातही. ज्या डॉक्टरला हा प्रश्न मशेरीचं नाव घेऊन विचारायचं सुचतं, तो रुग्णाचं मोठं नुकसान वाचवतो.

शस्त्रक्रियेचा दिवस लोकांना वाटतो त्यापेक्षा फार साधा असतो. रूट कॅनालला देतात तसलंच भुलीचं इंजेक्शन. हिरडीला छोटा छेद, मग हाडात टप्प्याटप्प्यानं रुंदावत जाणारं छिद्र. दुखत नाही, पण दाब जाणवतो, थरथर जाणवते, आणि आवाज हाडातून थेट कानात येतो. सगळा वेळ गार सलाइनचा फवारा चालू असतो. हाड 47 अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होऊ लागते, हे 1983 मध्ये गॉथेनबर्गच्याच संशोधकांनी सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. म्हणून ड्रिल हळू फिरतो, मिनिटाला साधारण हजार फेरे. दात कोरायच्या यंत्राचा वेग याच्या कित्येक पट असतो. स्क्रू सर्वसाधारणपणे चार मिलिमीटर जाड आणि दहाएक मिलिमीटर लांब. एका दाताचं काम बहुधा तासाच्या आत आटोपतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवशी आरशात पाहून घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या दिवसानंतर मात्र ती वाढत गेली, ताप आला, किंवा भूल उतरूनही ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. पहिले काही दिवस पेज, मऊ वरणभात, लापशी, ताक, आणि सगळं कोमटाच्या खालीच. टाके आठवड्या-दहा दिवसांत निघतात.

इथून पुढचा काळ सर्वांत नाजूक असतो, आणि नेमकी याची कल्पना रुग्णाला कमी दिली जाते.

बसवला त्या दिवशी स्क्रू घट्ट असतो, पण तो घट्टपणा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा असतो, नुसता अडकलेला. त्यानंतर शरीर कामाला लागतं. ड्रिलनं दुखावलेली हाडाची कड ते आधी शोषून घेतं आणि मग तिच्या जागी नवं हाड घालतं. या दोन कामांच्या मधे एक फट पडते. जुनी पकड सुटत असते, नवी अजून आलेली नसते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वांत कमकुवत असतो. आणि याच सुमारास माणसाला अगदी बरं वाटू लागलेलं असतं. सूज गेलेली, टाके निघालेले, दुखणं विसरलेलं. मग तो त्या बाजूनं चणे खातो, चिक्की चावतो, किंवा महिनाभर बाजूला ठेवलेली सिगारेट पुन्हा पेटवतो. वेदना थांबली म्हणजे काम झालं, असा आपल्या सगळ्यांचा हिशेब असतो. हाडाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो वेदनेच्या भाषेत सांगितला जात नाही. पहिल्या काही महिन्यांतच सुटून येणारे थोडे इम्प्लांट असतात, त्यांतल्या काहींच्या मागं या आठवड्यांतली हालचाल असते.

ब्रोनेमार्क खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या, जास्त सच्छिद्र हाडात सहा महिने थांबत असे. आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात सहा ते आठ आठवडेही पुरतात. समोरचा पटाशीचा दात असेल तर मधल्या काळासाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात मिळतो, तोंड उघडं राहत नाही. त्याच दिवशी दात देण्याची पद्धतही आहे. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी 1990 च्या दशकात संपूर्ण जबड्याचे दात चार स्क्रूंवर लगेच बसवण्याची रीत रूढ केली. तिथं चारही स्क्रू एकमेकांना जोडलेले असतात आणि एकट्यावर हालचालीचा भार येत नाही. ही रीत योग्य जबड्यात उत्तम चालते. पण तीन दिवसांत दात मिळाले म्हणजे तीन दिवसांत हाडानं धरलं, असं कुणी समजू नये. हाड त्याचे महिने घेतंच. तेवढे दिवस जपायला लागतंच.

जास्त वाट पाहावी लागते ती उशीर केलेल्यांना. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हाडाला काम नसलं की शरीर ते परत घेतं. दहा वर्षं रिकामी ठेवलेली जागा भरायची तर अनेकदा आधी हाड वाढवावं लागतं, वरच्या जबड्यात सायनसचं अस्तर अलगद उचलून खाली हाडाची पूड भरावी लागते, आणि चार-सहा महिने आणखी थांबावं लागतं.

ही पूड कशाची, हे आपल्याकडे विचारायलाच हवं. जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पूड गोवंशाच्या हाडापासून तयार होते. ती प्रक्रिया करून निव्वळ खनिज उरलेली असते, वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित असते. पण अनेक मराठी घरांत हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि तो रुग्णाला न विचारता डॉक्टरनं परस्पर सोडवणं बरोबर नाही. कृत्रिम पूड मिळते, रुग्णाच्या स्वतःच्या जबड्यातलं थोडं हाडही वापरता येतं. संमतिपत्रावर सही करण्याआधी एक वाक्य विचारलं की पुरतं.

शेवटी तो दिवस येतो. हिरडीतून वर येणारा जोड बसतो, माप घेतलं जातं, आठवड्याभरात कॅप चढते. आरशात सगळं आपल्यासारखं दिसतं. पण पहिला घास घेतल्यावर काहीतरी वेगळं वाटतं, आणि ते भासमात्र नसतं. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो, सूक्ष्म तंतूंवर तो तोललेला असतो. दाबलं की केसाच्या जाडीइतका दबतो आणि त्या तंतूंमधल्या नसा मेंदूला क्षणोक्षणी खबर देतात. भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच जबडा आपसूक थबकतो, तो याच खबरीमुळे. इम्प्लांटभोवती हे तंतू नसतात. हाड स्वतः थोडं जाणवून देतं, काळाबरोबर मेंदूही शिकतो, पण ती तरलता परत येत नाही. म्हणून इम्प्लांटवरचा माणूस नकळत जास्त जोरानं चावतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टर रात्री घालायचं गार्ड देतात, ते कपाटात ठेवण्यासाठी नसतं.

तरीही जे परत मिळतं ते फार मोठं आहे. भाकरीची कड, शेवग्याची शेंग, पेरूच्या फोडी, मटणाचा तुकडा. कवळी वापरणाऱ्यांनी या गोष्टी हळूहळू ताटातून वगळलेल्या असतात आणि घरच्यांच्या ते लक्षातही आलेलं नसतं. विशेषतः खालची कवळी. वरची टाळूला धरून तरी राहते, खालचीला टेकायला जागा थोडी आणि जीभ सतत ढकलणारी. ती सगळे दात गेलेल्या माणसाला चारचौघांत जेवायचं टाळायला लावते, लग्नाच्या पंगतीत नुसतं बसवून ठेवते. अशांसाठी सगळे दात इम्प्लांटवर बसवायची गरज नाही. 2002 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं, की खालच्या दंतहीन जबड्याला दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा. फक्त दोन स्क्रू. कवळी काढून धुता येते, पण बोलताना उडत नाही. वयाला वरची मर्यादा नाही, प्रकृती ठीक हवी. घरातल्या वृद्धांसाठी मोठ्या पॅकेजची चौकशी करण्याआधी मुलांनी या पर्यायाची चौकशी करावी.

दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. जे जातात, त्यांतले पुष्कळ कुठल्याही ठणक्याशिवाय जातात. इम्प्लांट किडत नाही, आणि लोक तिथंच फसतात. दात किडला तर कळ येते. इथं स्क्रूभोवती जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, आतलं हाड झिजत जातं, आणि दुखत काहीच नाही. म्हणून हिरडीच्या कडेनं रोज बारीक ब्रश फिरवणं आणि सहा महिन्यांनी दाखवणं हे आयुष्यभराचं काम आहे.

पैशाचं बोलायलाच हवं. पुण्या-मुंबईत एका दाताला साधारण 25 ते 50 हजार रुपये लागतात, काही ठिकाणी जास्त, आणि बहुतेक आरोग्य विमे हा खर्च देत नाहीत. मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय अशा ठिकाणी पदव्युत्तर विभागांत हे काम कमी खर्चात होतं, मात्र फेऱ्या जास्त पडतात. दर ऐकताना त्यात काय काय आलं ते लिहून घ्यावं. स्क्रू, जोड, कॅप, स्कॅन, हाडाची पूड हे बऱ्याचदा वेगवेगळे आकारले जातात, आणि सर्वांत स्वस्त आकडा सहसा एकट्या स्क्रूचा असतो.

आणखी एक छोटी गोष्ट. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेलं स्टिकर असतं. पंधरा वर्षांनी कॅप सैल झाली, तोवर डॉक्टर निवृत्त झालेले असले किंवा तुम्ही दुसऱ्या गावी गेलेले असलात, तर नव्या डॉक्टरला नेमका कोणता पाना लागतो हे त्या स्टिकरवरूनच कळतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते मागून घ्या, कार्डावर चिकटवा, आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फायलीत ठेवा.